‘फंकी ड्रमर’ : वीस सेकंदांचा ठेका आणि तो वाजवणारा माणूस

माझे मामा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मागच्या गणपतीत, आरती आटोपून सगळे पडवीत बसले होते, तेव्हा मी त्यांच्या कानांना हेडफोन लावला आणि काहीही न सांगता वीस सेकंदांचा एक तुकडा ऐकवला. नुसते ड्रम. गाणारा नाही, दुसरं वाद्य नाही. मामांनी डोळे मिटले आणि त्यांची बोटं मांडीवर चालू लागली. तुकडा संपताच म्हणाले, "परत लाव." तिसऱ्यांदा ऐकल्यावर हेडफोन काढून म्हणाले, "ठेका साधाच आहे रे. पण हा गडी मधली जागा मोकळी सोडत नाही. डाव्या हातानं सारखा काहीतरी कुजबुजतोय."

तो गडी म्हणजे क्लाइड स्टबलफील्ड. ती वीस सेकंदं आहेत अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यातली, आणि ती जगातल्या हजाराहून जास्त गाण्यांत उचलून वापरली गेली आहेत. हिप-हॉप ऐकत नसाल तरी हा ठेका कुठे ना कुठे तुमच्या कानावरून गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे. मामांनी दोन वाक्यांत जे पकडलं, तेच जरा सावकाश उलगडून सांगायचा हा प्रयत्न आहे. त्या ठेक्यात असं काय आहे, तो इतका का पसरला, आणि ज्याच्या हातांनी तो वाजला त्याच्या पदरात काय पडलं?

२० नोव्हेंबर १९६९. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर, किंग रेकॉर्ड्स या कंपनीचा स्टुडिओ. जेम्स ब्राउन तेव्हा कृष्णवर्णीय संगीताच्या जगातला सगळ्यात मोठा माणूस होता आणि त्याचा वाद्यवृंद शिस्तीसाठी प्रसिद्ध होता. सूर चुकला, प्रवेश चुकला, बुटांना पॉलिश नसलं, तरी ब्राउन दंड करायचा. त्या दिवशी जे ध्वनिमुद्रित झालं त्याला रूढ अर्थानं गाणं म्हणणंही कठीण आहे. अंतरा-ध्रुवपद अशी रचना नाही, कथा नाही. वाद्यवृंद एकच चाल धरून चालत राहतो, मेसिओ पार्करचा सॅक्सोफोन बोलतो, ब्राउन स्वतः ऑर्गन वाजवतो आणि मधूनमधून हाका मारतो. पूर्ण लांबीची आवृत्ती नऊ मिनिटांच्या वर जाते.

पाच-सव्वापाच मिनिटांनंतर ब्राउनच्या मनात काहीतरी येतं. तो वादकांना सांगतो की आता ड्रमरला थोडी जागा द्यायची आहे, मी मोजलं की सगळे थांबा. आणि मग ड्रमरकडे वळून जे सांगतो ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटतं. सोलो वाजवू नकोस, जे चाललंय तेच धरून ठेव, असा त्याचा अर्थ. एरवी ड्रमरला मोकळं सोडलं की तो सगळ्या ड्रमवर धावाधाव करतो, झांजा फोडतो, आपलं कसब दाखवतो. इथे ब्राउननं नेमकं ते होऊ दिलं नाही. वाद्यं थांबली आणि उरला फक्त चालता ठेका, आठ आवर्तनं, जेमतेम वीस सेकंदं. मग सगळे परत आले आणि ब्राउननं तिथल्या तिथे बारसं करून टाकलं : या गाण्याचं नाव ‘फंकी ड्रमर’.

मार्च १९७० मध्ये गाणं बाजारात आलं, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर, दोन बाजूंना दोन भाग करून. कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत ते २० व्या क्रमांकापर्यंत गेलं, सर्वसाधारण यादीत ५१ व्या. ब्राउनच्या मानानं हे मध्यम यश. सोळा वर्षं हे गाणं त्याच्या कुठल्याही मोठ्या तबकडीवर नव्हतं.

सोळा मात्रांचं घर

आता ठेक्याकडे येऊ. त्यासाठी आधी फंक ही संगीताची शैली म्हणजे काय ते थोडं समजून घ्यावं लागेल.

त्या काळच्या अमेरिकन लोकप्रिय संगीतात एका मापात चार ठोके असायचे आणि वजन दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर पडायचं. श्रोते टाळ्या वाजवायचे त्याही तिथेच. ब्राउननं साठच्या दशकाच्या मध्यापासून वाद्यवृंदाचं वजन पहिल्या ठोक्यावर आणलं. तो त्याला ‘द वन’ म्हणायचा. आपल्याला हे समजावून सांगायची फारशी गरज नाही, कारण आपल्याकडे समेला जे स्थान आहे ते अगदी जवळचं आहे. मधे कुठेही जा, कितीही आडवळणानं जा, पण समेवर सगळे एकत्र या. ब्राउनच्या वाद्यवृंदात गिटार, बेस, ट्रम्पेट सगळीच वाद्यं ड्रमसारखी वाजतात, म्हणजे तुटक, छोट्या छोट्या आघातांनी. जिमी नोलनची गिटार तर तारा दाबून नुसती खरवडल्यासारखी येते. सूर बराच वेळ एकाच जागी थांबलेला असतो आणि हालचाल सगळी लयीत होते. फंकचं मर्म मला तरी इथेच दिसतं.

आता ‘फंकी ड्रमर’चं एक आवर्तन घ्या आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग करा. झाल्या सोळा मात्रा. तीनतालासारख्याच मोजा.

उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायानं उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर. तो सोळाच्या सोळा मात्रा वाजवतो, एकट्यानं. लय मिनिटाला साधारण शंभर ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला सहाहून जास्त आघात, एकाच हातानं, आणि तेही मिनिटामागून मिनिटं. बेस ड्रम पायानं वाजतो : पहिल्या मात्रेवर, लगेच तिसरीवर, नंतर अकरावीवर आणि चौदावीवर नक्की. स्नेअर, म्हणजे खाली तारा ताणलेला तो सर्र वाजणारा ड्रम, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर खणखणीत पडतो.

पाच आणि तेरा. तीनताल शिकलेल्या कुणालाही इथे थांबावंसं वाटेल, कारण समेनंतरच्या आपल्या टाळ्या त्याच दोन मात्रांवर आहेत. आणि नववी मात्रा, जिथे आपली ‘खाली’, म्हणजे बिनटाळीची जागा, येते, तिथे स्टबलफील्डही बेस ड्रम वाजवत नाही आणि स्नेअरही नाही. फक्त हाय-हॅट वाजते. यातून कुणी कुणाकडून घेतलं असं काही सिद्ध होत नाही. पाच-तेरावरचा आघात अमेरिकन संगीतात आधीपासून होताच. पण आपल्या कानाला हा ठेका पहिल्याच ऐकण्यात ओळखीचा का वाटतो, याचं एक कारण इथे असावं असं मला मनापासून वाटतं.

इथपर्यंतचा सांगाडा कुठल्याही बऱ्या ड्रमरला वाजवता येईल. खरी गंमत मामा म्हणाले त्या कुजबुजीत आहे. पाचव्या आणि तेराव्या मात्रेच्या मधे, आणि तेरावीनंतरही, स्टबलफील्डचा डावा हात स्नेअरवर अगदी हलके आघात करत राहतो. ड्रमर त्यांना घोस्ट नोट म्हणतात. काठी जेमतेम उचलली जाते आणि नुसती टेकते. हे आघात सुटे असे ऐकू येत नाहीत. पण ते काढून टाका आणि ठेका एकदम उभा, लाकडी होतो. तबल्यात ठेक्याचे मूळ बोल कायम ठेवून मधे भरी घालतात ना, तसंच हे आहे. शिवाय दोन ठिकाणी, आठव्या आणि चौदाव्या मात्रेवर, हाय-हॅट क्षणभर उघडते आणि ‘त्स्स’ असा श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. चौदाव्या मात्रेवर बेस ड्रमही त्याच क्षणी पडतो. तेरावीचा मोठा आघात होऊन आपण जरा निवांत होतोय तोवर हा धक्का येतो आणि आपल्याला पुढच्या समेकडे ढकलतो. मान आपोआप हलते ती याच्यामुळे.

चॅटानूगाचा कारखाना

हे सगळं स्टबलफील्ड कुठे शिकला? शाळेत नाही. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. १८ एप्रिल १९४३ रोजी टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावात त्याचा जन्म झाला. गाव डोंगरांच्या मधे, आणि कारखान्यांचं. तो मुलाखतींमध्ये लहानपणच्या आवाजांबद्दल सांगायचा : एक कारखाना ठरावीक वेळानं हवा सोडायचा, तो आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, आणि रुळांवरून आगगाडीचा खडखडाट. या आवाजांच्या तालावर तो चालायचा आणि मनातल्या मनात त्यावर काहीतरी वाजवायचा. आघात, मग त्याचा फिका प्रतिध्वनी, मग पुन्हा आघात. स्नेअरवरचा मोठा ठोका आणि मागोमाग येणारे ते हलके ठोके ऐकताना मला तो डोंगर नेहमी डोळ्यांसमोर येतो.

१९६५ मध्ये तो ब्राउनकडे आला. त्याच वर्षी जॉन ‘जॅबो’ स्टार्क्स हा दुसरा ड्रमरही आला. स्टार्क्सचा हात चर्चच्या संगीतात तयार झालेला, सरळ, स्वच्छ. स्टबलफील्डचा हात गुंतागुंतीचा, सतत काहीतरी विणणारा. दोघं वर्षानुवर्षं शेजारी बसून वाजवत राहिले आणि शेवटपर्यंत मित्र राहिले. फंकचा लयीचा पाया बऱ्याच अंशी या दोन माणसांनी घातला. १९६७ चं ‘कोल्ड स्वेट’, ज्याला पुष्कळ जण फंकची खरी सुरुवात मानतात, त्यातही ड्रमवर स्टबलफील्डच आहे.

आणि एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे ती कामाला येणार आहे. ब्राउन किंवा दुसरं कुणी ड्रमसाठी काही लिहून देत नसे. ठेका स्टबलफील्डचा स्वतःचा असे आणि बाकीच्यांची वाद्यं त्यावर चढत. तबकडीवर मात्र गीत-संगीत म्हणून एकच नाव छापलं गेलं : जेम्स ब्राउन.

ब्रॉन्क्समधल्या दोन तबकड्या

आता न्यू यॉर्कला जाऊ. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या पत्त्यावरच्या इमारतीत, एका मुलीनं शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ, जमैकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल. जग त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. हर्कच्या लक्षात आलं होतं की नाचणारे पूर्ण गाण्यासाठी थांबलेले नसतात. ते वाट बघत असतात त्या छोट्या जागेची, जिथे बाकी वाद्यं थांबतात आणि नुसते ड्रम उरतात. या जागेला ब्रेक म्हणतात. पण ब्रेक असतो दहा-वीस सेकंदांचा. मग हर्कनं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावायला सुरुवात केली. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली उलटी फिरवून जागेवर. असा तो ब्रेक हवा तेवढा वेळ चालवता येऊ लागला. त्यावर नाचणारे ते ब्रेकर. या नाचालाच पुढे ब्रेकडान्स म्हणू लागले, आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धाही झाली. धारावीतल्या गल्ल्यांत पुठ्ठा अंथरून डोक्यावर गिरक्या घेणारी पोरं याच घराण्यातली.

हातांनी जे चाललं होतं ते ऐंशीच्या दशकात यंत्रात आलं. सॅम्पलर हे यंत्र कुठलाही आवाज टिपून घेतं आणि कळ दाबली की परत वाजवतं. १९८७ साली आलेलं ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे त्यातलं हिप-हॉपवाल्यांचं लाडकं यंत्र. त्यात आवाज साठवायला जागा किती? जेमतेम दहा सेकंद. मग निर्माते तेहतीसची तबकडी पंचेचाळीसच्या वेगानं फिरवून आवाज आत घ्यायचे, म्हणजे तो कमी जागेत बसायचा, आणि आत आल्यावर पुन्हा हळू करायचे. या खटपटीत आवाजाला एक खरखरीत, दाणेदार पोत यायचा. तो मुळात यंत्राचा दोष होता, पण लोकांना तोच आवडला आणि त्या काळच्या हिप-हॉपची ती ओळख बनली.

नेमक्या याच वेळी, १९८६ मध्ये, ‘इन द जंगल ग्रूव्ह’ नावाचा ब्राउनच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह निघाला. ‘फंकी ड्रमर’ त्यात पहिल्यांदा पूर्ण लांबीचं मिळालं, आणि शिवाय डॅनी क्रिव्हिटनं तयार केलेली एक जास्तीची आवृत्ती, ज्यात तो ड्रमचा तुकडाच फिरवून फिरवून लांबवला होता. हवा असलेला माल बाजारात आला आणि तो उचलायचं यंत्रही. पुढच्या चार-पाच वर्षांत जे झालं त्याला पूर हाच शब्द बरोबर आहे.

पब्लिक एनिमी या हिप-हॉप गटाच्या ‘रिबेल विदाउट अ पॉज’मध्ये हा ठेका आहे. त्यांच्याच १९८९ च्या ‘फाइट द पॉवर’मध्ये तो नुसता वाजत नाही, तर शब्दांत त्याचं नावही येतं. स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटासाठी केलेलं हे गाणं वंशभेदाविरुद्धच्या संतापाचा आवाज ठरलं. रन-डीएमसी, एल एल कूल जे, एरिक बी आणि राकिम, डॉ. ड्रे, सगळ्यांनी हा ठेका घेतला. मग तो हिप-हॉपच्या बाहेर पडला. १९९० साली जॉर्ज मायकलच्या ‘फ्रीडम ’९०’ मध्ये तो आहे. आणि त्याच वर्षी आयर्लंडच्या शिनेड ओकॉनरनं त्यावर जे केलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. मेलेल्या प्रियेच्या थडग्यावर पडून राहिलेल्या माणसाचा शोक सांगणारी एक जुनी आयरिश कविता ती गाते, जवळजवळ वाद्यांशिवाय, आणि खाली अखंड चालतो स्टबलफील्डचा ठेका. सिनसिनाटीच्या स्टुडिओत नाचण्यासाठी वाजलेले ड्रम तिथे छातीच्या ठोक्यांसारखे वाटतात.

हाच ठेका का? कारणं तशी सरळ आहेत. तुकडा नुसत्या ड्रमचा असल्यानं त्यावर कुठल्याही पट्टीत गाता येतं. लय बोलण्याच्या वेगाला जुळणारी आहे, म्हणजे रॅपला सोयीची. आठही आवर्तनांत ठेका ढळत नाही, त्यामुळे कुठूनही कापा आणि जोडा, सांधा कळत नाही. ब्राउननं सोलो नको म्हणून सांगितलं त्याची किंमत इथे लक्षात येते. स्टबलफील्डनं तेव्हा कसरत केली असती तर त्या तुकड्याचा कुणाला काही उपयोग झाला नसता. आणि शेवटचं कारण ती कुजबुज. ड्रम मशीनमध्ये सोळा घरांची जाळी असते आणि प्रत्येक आघात घराच्या अगदी मधोमध, सारख्याच जोरानं पडतो. तिथे माणसाचा हात आणायचा तर तो कुठून तरी उचलूनच आणावा लागत होता.

पैसे कुणाचे?

एका ध्वनिमुद्रित गाण्यात कायद्याच्या नजरेनं दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक, रचना : शब्द आणि चाल. दुसरी, ते प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. एखादं भावगीत दोन गायकांनी वेगवेगळं गायलं तर रचना एकच राहते, ध्वनिमुद्रणं दोन होतात. ‘फंकी ड्रमर’ची रचना ब्राउनच्या नावावर, ध्वनिमुद्रणाचा हक्क तबकडी कंपनीकडे. स्टबलफील्डला स्टुडिओतल्या कामाचे पैसे मिळाले आणि हिशेब संपला.

सुरुवातीला तर कुणीच कुणाला विचारत नव्हतं. १९९१ च्या डिसेंबरात न्यू यॉर्कच्या न्यायालयानं बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला. त्यानं गिल्बर्ट ओसलिव्हन या गायकाच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेनं केली. २००५ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकन न्यायालयानं, फंकाडेलिक या फंक वाद्यवृंदाच्या गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्याबद्दल, त्याहून कडक भूमिका घेतली : परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. एका गाण्यात वीस-वीस तुकडे विणणारी पब्लिक एनिमीची पद्धत अशा निकालांमुळे परवडेनाशी झाली. परवान्याचे पैसे मात्र रीतसर जाऊ लागले, रचनाकाराकडे आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे. स्टबलफील्ड या दोघांपैकी कुणीच नव्हता.

ठेक्यावर कुणाची मालकी नसावी, हे म्हणणं मला पटतं. उद्या केरवा तालावर कुणी हक्क सांगितला तर आपली निम्मी गाणी बंद पडतील. पण सॅम्पलरनं ठेका उचलला नव्हता. ठेका कुणीही वाजवू शकला असता, आणि पुष्कळांनी वाजवून बघितलाही. उचलला होता तो एका माणसाचा हात : काठी किती उंचीवरून पडली, कुठला आघात केसाएवढा मागे राहिला, झांज किती उघडली. हजारो लोकांनी पैसे मोजले, वाद घातले, खटले लढवले, ते या हातासाठी. आणि कायद्याकडे हातासाठी कप्पाच नव्हता.

स्टबलफील्ड एकटाच असा नव्हता. त्याच १९६९ साली द विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमननं सहा-सात सेकंदांचा जो ब्रेक वाजवला तो तर याहूनही जास्त वापरला गेला. इंग्लंडमधली जंगल आणि ड्रम अँड बेस ही संगीताची पूर्ण शाखा त्यावर उभी आहे. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला.

आपल्याकडे काय? जुन्या मराठी-हिंदी सिनेमातल्या आपल्या आवडत्या गाण्यात ढोलकी कुणी वाजवली, हे आपल्यातल्या फार थोड्यांना सांगता येईल. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये सादरकर्त्या कलाकाराचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीनं व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचाही अधिकार दिला. पण त्याच दुरुस्तीत एक अट आहे. चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक किंवा किरकोळ स्वरूपाचं आहे आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेही नाही, त्याला रॉयल्टीपुरतं ‘कलाकार’ मानलं जात नाही. म्हणजे नाव छापलं जाणं हा निव्वळ मानाचा प्रश्न राहत नाही. नावावरून हक्क ठरू शकतो.

स्टबलफील्डलाही पैशांपेक्षा नावाचीच खंत जास्त होती, असं तो अनेकदा बोलून दाखवायचा. ब्राउनची साथ सोडल्यावर, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, तो विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन या थंड, शांत शहरात येऊन राहिला. तिथे दर सोमवारी रात्री तो आपल्या वाद्यवृंदासह वाजवायचा, वीसएक वर्षं. त्याच आठवड्यात त्याचा हात जगभरच्या किती रेडिओंवर वाजत असेल, पण मॅडिसनमध्ये तो सोमवारी भेटणारा क्लाइड होता.

२००० च्या आसपास त्याला मूत्राशयाचा कर्करोग झाला. उपचारांचं सुमारे ९० हजार डॉलरचं बिल गायक प्रिन्सनं भरलं आणि त्याचा गवगवा होऊ दिला नाही. २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावरच स्टबलफील्डनं ही गोष्ट सांगितली. पुढे मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं, तरी तो वाजवत होता. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी मॅडिसनमध्येच तो वारला. विस्कॉन्सिन विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट द्यायचं ठरवलं होतं. ती त्या मे महिन्यात त्याच्या पश्चात दिली गेली.

दिवाळीत पुन्हा गावी गेलो तेव्हा मी मामांना ही सगळी कथा सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाव काय म्हणालास त्याचं?" मी सांगितलं. दोनदा विचारून घेतलं त्यांनी. मग आत जाऊन पखवाज घेऊन आले, कणीक भिजवून धुमेला, म्हणजे डाव्या बाजूला, लावली आणि म्हणाले, "हं, मोज." मी सोळापर्यंत मोजत बसलो. सम जमली, पाचवी जमली, मधली कुजबुज तर त्यांच्या डाव्या हातात आधीपासूनच असावी इतकी सहज आली. चौदाव्या मात्रेवरचा तो धक्का मात्र अजून हवा तसा बसलेला नाही. परवा फोन आला होता, म्हणाले, "तो तुकडा पाठव रे परत, या फोनमध्ये सापडत नाहीये."